ठमीची तयारी

ठमीची आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा, हा तिचा धंदा. त्यामुळे दुसऱ्याच्या हाती काही सोपवून स्वस्थ बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. आज शाळेच्या व्हरांड्यात तर तिची चुळबुळ बघून बाकालाच घाम फुटला असता.

नऊ वर्षांच्या ठमीची आज वार्षिक तपासणी होती. ठमीला गोष्टी उशिरा समजत आणि समजलेल्या पटकन निसटत. तरी या सरकारी शाळेत ती इतर मुलांच्याच वर्गात बसायची, कारण तिच्या शेजारी मदतनीस ताई असायची. बाई बोलल्या की ताई ते सोपं करून सांगायची, गोंगाट वाढला की ठमीला बाहेर फिरवून आणायची. पुढच्या वर्षी ही ताई मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं.

आणि आईने काय करावं? परीक्षा म्हटली की तयारी, एवढंच तिला ठाऊक. गेल्या वर्षीचे प्रश्न आठवून आठवून तिने ते त्याच क्रमाने ठमीकडून घोकून घेतले, जेवताना, वेणी घालताना, झोपताना. पोरगी बिचारी झोपेतसुद्धा उत्तरं देऊ लागली होती.

"तयारी झाली वाटतं?" शेजारी बसलेल्या टोपीवाल्या बापाने विचारलं. त्याचा मुलगा भिंतीवरच्या चित्राला नाक लावून उभा होता.

"मग! सगळं तोंडपाठ आहे."

"अहो मॅडम, इथे नापास व्हायला यायचं असतं!" तो कुजबुजला. "गेल्या वर्षी याने पटापट उत्तरं दिली. शाबासकी मिळाली आणि मदतनीस गेला. तेव्हापासून शाळेत तोंड उघडत नाही. आज मी त्याचा चष्मा मुद्दाम घरी ठेवून आलोय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ठमीला काय सांगणार? विसर म्हणून? आईने ठमीकडे पाहिलं. ठमी ताईच्या मांडीवर रेलून पुटपुटत होती आणि खुशीत होती. तेवढ्यात आतून हाक आली. ताईला आत जायची परवानगी नव्हती.

तपासनीस बाई चांगल्या होत्या, हीच तर पंचाईत. त्यांनी हसून पहिला प्रश्न विचारला. "रस्ता कसा ओलांडशील?"

"दोन्हीकडे बघून!"

"कुणी खाऊ दिला तर?"

"थँक यू म्हणीन!"

"आग लागली तर?"

"बाहेर पळीन, मोठ्यांना सांगीन!"

ठमी खुर्चीत ताठ बसली होती. प्रत्येक उत्तरानंतर ती आईकडे बघायची आणि आईची मान सवयीने हलायची. टेबलाखाली आईचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, पण इथे ब्रेक कुठला?

"वा!" बाई पेन उघडत म्हणाल्या. "खूपच प्रगती आहे. आता हिला मदतनिसाची गरज दिसत नाही."

"बाई," आई एकदम बोलली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "हेच प्रश्न जरा उलटसुलट विचारा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ठमीकडे. "बरं. ठमी, आग लागली तर काय करशील?"

"दोन्हीकडे बघून," ठमी म्हणाली.

"नीट ऐक हं. घरात आग लागली."

बाईंचं हसू मावळलेलं ठमीला दिसलं. ती घाबरली. "थँक यू म्हणीन," ती म्हणाली. मग सगळीच उत्तरं एकामागून एक, भराभर सांगू लागली. यातलं एखादं तरी बरोबर निघेल म्हणून ती आईच्या मानेकडे बघत राहिली. आईची मान हलली नाही. आईला ते बघवत नव्हतं, पण मान फिरवायचीही तिची हिंमत नव्हती. शेवटी बाईंनीच ठमीच्या हातावर हात ठेवला आणि त्या लिहू लागल्या. मदतनीस पुढच्या वर्षीही राहील, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. आपण जिंकलो, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. व्हरांड्यात येताच तिने ठमीपुढे हात केला. "चल, राणी. छान केलंस हं."

ठमीने हात धरला नाही. तिला उशिरा समजायचं हे खरं, पण हे तिला लगेच समजलं होतं.

"मला येत होतं," ती म्हणाली. "तू त्यांना सांगितलंस."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"मला येत होतं, आई."

मदतनीस ताई काळजीने उठून उभी राहिली होती. ठमी सरळ तिच्याकडे गेली, तिचा हात धरला आणि आईला पाठमोरी होऊन वर्गाकडे चालू लागली.