धर्मीचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुनं फडकं आहे, असं घणसोली गावातल्या या घरात सगळे म्हणतात. ऐकून अंगाची लाहीलाही होते. मी भरतकामाचा रुमाल आहे, आणि माझं वय शंभराच्या पुढे आहे.

इंग्रजांच्या राज्यात खाडीपलीकडे मिशनची मुलींची शाळा होती. मिठागरात राबणाऱ्या कान्हाने आपली लेक धर्मी तिथे घातली, तेव्हा गावाने नाकं मुरडली. शिकलेल्या पोरीला करून कोण घेणार, म्हणे! मडमबाई वाचायला शिकवत, पण शिवणटिपण त्याहून जास्त. बाई शिकली की घर नीटनेटकं ठेवील, एवढीच त्यांचीही उडी. माझ्यावर त्यांनी 'सुशील पत्नी घराची शोभा' हे वाक्य भरायला सांगितलं. धर्मीने आधी लाल दोऱ्याने स्वतःचं नाव भरलं, तेही इतकं ठसठशीत, की उरलेल्या जागेत वाक्य 'सुशील पत्नी'पाशीच संपलं. मडमबाई रागावल्या. धर्मी मात्र मला उराशी धरून होडीत बसली.

पुढे तिचं लग्न झालं. रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, वेणू. नवऱ्याला अक्षर येत नव्हतं. बायकोने सही केली तर त्याचा मान काय राहील, असं सासूने बजावलं. वेणूने जन्मभर अंगठा लावला आणि मला ट्रंकेच्या तळाशी दडवलं.

आता हे घर पाडून टॉवर व्हायचा आहे. वेणूचा नातू सिताराम ऐंशीला टेकलाय. परवा त्याची नात भाविका ट्रंक उपसत होती. मला उलगडून तिने विचारलं, धर्मी कोण?

"आमचे आजीचा नाव वेनूबाय," सिताराम म्हणाला. "ही धर्मी कोन हाय? आजी तं अंगठा लावाची."

अरे, तीच ही! ओरडावंसं वाटलं, पण कापडाला तोंड कुठलं? भाविकाने त्याच्या आजीचं माहेरचं नाव विचारलं. ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात भाविकाच्या होणाऱ्या सासूचा फोन आला. लग्नात तांदळांत कोणतं नाव लिहायचं, हे त्यांना ठरवायचं होतं.

"काकी, टेन्शन घेऊ नका," भाविका शांतपणे म्हणाली. "पण माझं नाव भाविकाच राहणार."

माझा टाका न् टाका सुखावला. फोन ठेवला, आणि त्याच हाताने तिने मला भंगाराच्या गोणीत कोंबलं.

मित्रांनो, घरातल्या म्हातारीला तिचं माहेरचं नाव विचारून ठेवा. ती असेपर्यंत विचारा. मला टाकायचं तर टाका, पण त्याआधी कुणीतरी सितारामला एवढं सांगा, की धर्मी तुझीच आजी होती आणि तिला लिहिता येत होतं.