सरुबाईचा हात

"अपेक्षा, हिची मान बघ गं! पार उलटी झालीया!"

आत्यांच्या मांडीवर तांबडी कोंबडी होती. मान पाठीकडं पिळवटलेली, चोचीतून लाळ गळत होती. खुराड्यात सात मरून पडल्या होत्या. काल संध्याकाळी याच कोंबड्यांनी माझ्या पायाशी दाणे टिपले होते. 

सरुबाई म्हणजे माझ्या सासूबाई; मी त्यांना आत्या म्हणते. परंदवडीत कुणाची कोंबडी पेंगली की बोलावणं यांनाच. हळद-लसणाची गोळी करायची, चोच उघडायची आणि बोटानं घशात सारायची. सरुबाईच्या हाताला गुण आहे, असं सगळी आळी म्हणायची. आठ दिवस त्या घरोघर हेच करत होत्या, कुणाचा चहासुद्धा न घेता. आता विठाबाईचं घर तेवढं राहिलं होतं. तिच्या वीस कोंबड्या धडधाकट होत्या, पण 'आधीच एकेक गोळी दे' असा तिचा सांगावा होता.

"जाऊन येते. वाट बघत आसंल ती," आत्या उठल्या.

"गप बसा हो! आधी डॉक्टर येऊ देत." फोन मीच केला होता.

प्रज्ञेश डॉक्टर पायांना पिशव्या बांधूनच आत आले. कोंबडी बघून म्हणाले, "मानमोडी. लागलेलीला औषध नाही. चांगल्या असतील त्यांना लस देता येईल. मावशी, तुम्ही कुणाकुणाकडं गेला होता?"

आत्या बोटांवर मोजू लागल्या, आवाजात चांगलाच तोरा. "आदी श्रीपतीकडं. त्येच्या पेंगत हुत्या. मंग कोंडाजीकडं. त्येच्या चांगल्या हुत्या, पर म्हनला, आदीच दे गोळी. मंग भिमाजीकडं. तितंबी चांगल्याच..."

बोट तिथंच थांबलं. या तिन्ही घरांत आता एक पीसही हलत नव्हतं.

"मधे हात धुतले होते?"

"पदराला पुसलं की."

"हा रोग हातावरून, चपलांवरून जातो, मावशी."

अरे देवा!  आत्या स्वतःच्या तळहातांकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात समोरून विठाबाईची हाक आली. फाटक सताड उघडं टाकून ती रस्त्यावर आली होती. "सरू, येतीस न्हवं? समद्या पाटीखाली डालून ठिवल्यात बग!"

"पुडं येऊ नगंस, विठे!" आत्या अशा ओरडल्या की आळीतली दारं उघडली. "आत जा. फाटक लाव. लोकांच्या कोंबड्या म्या मारल्या. ह्या हातानं."

"काय बोलतीस गं हे?"

"लाव म्हनते ना! डागदर लस देतील. म्या न्हाई येनार."

विठाबाई मागं सरली. मग तिनं फाटक ओढलं. कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत आत्या जागच्या हलल्या नाहीत.

मग माझ्यासमोर त्यांनी दोन्ही हात धरले. "पानी घाल."

मी साबण दिला, तांब्या ओतला. दुसरा ओतला. तिसराही ओतला.

"आजून घाल," आत्या म्हणाल्या.