अकरावी ओवी

वरवंडच्या बिरदेवनं सायबर कॅफे काढला आणि त्याला शिंगं फुटली. टोरंटवरून, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरमधून तुकड्यातुकड्यानं, पिक्चर उतरवून घ्यायचा आणि उतरला रे उतरला की टोरंट बंद करायचं. आपल्याकडची फाइल इतरांनाही मिळावी म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवणारे त्याच्या लेखी बिनडोक. "आपल्या लायनीवर गावजेवण कशाला?" असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. फुकट्याला शहाणपण सुचलं की ते असलंच असतं.

२००७ साली तळेगाव ढमढेऱ्याच्या मुजीबनं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं, बिरदेवच्या वडलांच्या, हरिबांच्या अकरा धनगरी ओव्या कॅमेऱ्यात धरल्या. अकराव्या ओवीत हरिबा घरातल्या एकेका पोराचं नाव घेऊन त्याच्या कपाळाला भंडारा लावायचे. एवढ्या जड फाइली सीडीत मावेनात, म्हणून मुजीबनं त्या टोरंटवर टाकल्या आणि राहू, शिरूर, दौंडच्या पाव्हण्यांना कळवलं. बिरदेवला फोन केला.

"मी परत्येकाला येगळा तुकडा देतोय. ज्याच्याकडं जे आलं, ते त्यानं दुसऱ्याला द्यायचं. तुझी लाइन दांडगी, पयलं तुझंच पुरं हुईल. मग आठवडाभर बंद करू नको."

"व्हय, व्हय," बिरदेव म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शंभर टक्के भरले आणि यानं लगेच बंद केलं. वर नव्या पिक्चरला जागा हवी म्हणून फाइलीही पुसल्या. आबा घरातच हायेत की, त्यांचं ऐकायला फाइल कशाला?

त्याच आठवड्यात व्होल्टेज वाढून मुजीबची हार्डडिस्क मूळ शूटिंगासकट जळाली. महिन्याभरानं हरिबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. म्हातारा खाटेवरून खुणांनी ओव्या मागायला लागला, तेव्हा कुठं चिरंजीवांची धावपळ सुरू झाली. पाव्हण्यांचे कॉम्प्युटर बिचारे अजून चालूच होते. दहा ओव्या भराभर आल्या. अकरावी अर्ध्यात अडली ती अडलीच; तिचे उरलेले तुकडे एकट्या बिरदेवकडंच पोचले होते.

कॉम्प्युटर घरी आणून बिरदेवनं दहा ओव्या लावल्या. दहावी संपली तरी हरिबा पडद्यावरची नजर काढेनात. चांगल्या हातानं 'पुढं, पुढं' अशी खूण करत राहिले. बिरदेवला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीतीच जास्त.

तेवढ्यात मुजीबचा फोन आला. "समद्यांचं अकरावीवरच अडलंय. पर एकाकडं पुरं गेलं व्हतं, असं टोरंटवर दाखवतंय. तुझं कुठवर आलंय?"

बिरदेवनं खाटेकडं पाहिलं. हरिबा कान देऊन ऐकत होते.

"माझं बी तिथंच अडलंय, मुजीबभाई," तो म्हणाला. "कुणीतरी हरामखोर समदं घिऊन बंद करून बसलाय."