वरच्या मजल्यावरच्या काकू

फोन वाजला तेव्हा बेबी दातांच्या दवाखान्यात एका आजोबांना त्यांची नवी कवळी कशी धुवायची ते समजावत होती. चाळिशी उलटली तरी घरीदारी सगळे तिला बेबीच म्हणत. फोनवर सासूबाई होत्या, आणि त्यांचा आवाज नको तितका शांत होता.

"बेबी, स्वयंपाकघराची भिंत गेली गं."

"गेली म्हणजे? पुन्हा ओल आली का?"

"ओल कसली. भिंतच नाही. मी खुर्चीत बसलेय, हातात चहा आहे आणि समोर रस्ता दिसतोय. खालून लोक माझ्याकडे बघताहेत."

म्हातारीला भ्रम झाला, असं बेबीला क्षणभर वाटलं. मग फोनमधून गलका आणि काहीतरी कोसळल्याचा आवाज ऐकू आला. कवळी आजोबांच्या हातात कोंबून ती धावत सुटली. पळता पळता तिने नवऱ्याला फोन लावला. तो बस चालवायचा, आणि बस चालवताना फोन उचलत नसे.

शेजारच्या मोकळ्या जागेत उंच इमारत व्हायची होती. तिच्या पायासाठी यंत्रं खणत होती आणि घरातली भांडी दिवसभर थरथरत होती. लोकांनी तक्रारी केल्या, कुणी दाद दिली नाही, आणि मग सगळ्यांना त्या थरथरण्याची सवय झाली. शहरात माणूस कशालाही सरावतो.

कोपरा वळताच बेबी थबकली. इमारतीची एक बाजू वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. दार काढून टाकलेल्या कपाटाच्या फळ्या दिसाव्यात तशी एकावर एक स्वयंपाकघरं दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर तिचं स्वयंपाकघर. दोरीवर तिचा परकर वाळत होता, ओट्यावर सकाळची खरकटी भांडी तशीच. आपलं घर एवढंसं आहे हे तिला रस्त्यावरून पहिल्यांदाच कळलं. आणि त्या एवढ्याशा घराच्या कडेला, हातभर अंतरावर, सासूबाई खुर्चीत कप धरून बसल्या होत्या. गुडघे धरले की त्यांना आधाराशिवाय उठता येत नसे.

"आई, हलू नका," ती ओरडली.

"हलतेय कशाला," वरून उत्तर आलं.

बंबवाल्यांनी शिडी लावायला घेतली. त्यांच्या प्रमुखाने बेबीला विचारलं, "जिना गेलाय. तुमच्या वर कोण असतं?"

"चष्मेवाले काका. एकटेच असतात. काकू लेकीकडे परदेशात असतात."

चष्म्यांचं दुकान बंद करून काकांना बरीच वर्षं झाली होती, नाव मात्र चिकटून राहिलं होतं. ते स्वतःच गर्दीतून वाट काढत आले. हातात दुधाची पिशवी, चेहरा राखेसारखा. त्यांनी बंबवाल्यांच्या प्रमुखाची बाही धरली.

"वर माझी बायको आहे," ते म्हणाले.

"काका, अहो, काकू तर..." बेबी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वर बघत होते. बेबीनेही मान वर केली. चौथ्या मजल्यावर, मधलं दार निखळून पडलेल्या खोलीत, एक पलंग दिसत होता. पलंगावरची चादर हलली. पिकल्या केसांचं डोकं उशीवरून किंचित उचललं गेलं आणि एक हात वर झाला.

बेबीच्या डोक्यावर, छताच्या पलीकडे, इतकी वर्षं एक बाई निजलेली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

शिडी आधी तिसऱ्या मजल्याला टेकली. सासूबाईंनी काय चाललंय ते खालच्या आरडाओरड्यावरून हेरलं होतं. "आधी वरचीला काढा," त्या बंबवाल्याला म्हणाल्या. "मी बसलेय बरी. तिला तर बसताही येत नसेल."

काकूंना चादरीत बांधून उतरवलं. मग सासूबाई उतरल्या, कप हातातच. थोड्याच वेळात बेबीचा ओटा, भांडी, परकर, सगळं धुळीच्या लोटात खाली गेलं. सासूबाईंनी रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे त्यांना कापरं भरलं.

इमारतीतल्या लोकांना जवळच्या शाळेच्या सभागृहात नेलं. नवरा ड्युटीवरून थेट तिकडेच आला आणि आईच्या पायाशी मटकन बसला. तोवर कुजबुज सुरू झाली होती. म्हाताऱ्याने बायकोला कोंडून ठेवलं होतं, अशी. एक पोलीस चौकशीला आला. काका मान खाली घालून बसले होते. उत्तर काकूंनीच दिलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण शब्द कळत होते.

"मीच सांगायला लावलं यांना. अर्धं अंग गेलं. बघायला येणाऱ्यांची कीव नको होती मला. आमची लेक आहे परदेशात, म्हटलं, तिचंच नाव सांगा."

पोलीस गेला. काकूंनी मान वळवली. "बेबी ना तू?"

बेबी दचकली.

"आवाजावरून ओळखलं. तुमच्या घरातलं सगळं मोरीच्या पाइपातून वर ऐकू येतं. सासूबाईंचे गुडघे, तुझ्या नवऱ्याची बदली, तुझं ते पोटातलं मूल गेलं तेव्हाचं रडणं. त्या रात्री मीही जागीच होते गं."

त्या मुलाविषयी बेबीने बाहेर अक्षर काढलं नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"काकू, तुमच्याकडून काहीतरी ओढल्याचा आवाज यायचा," ती कशीबशी म्हणाली.

"खुर्ची. मला खुर्चीत बसवून हे मोरीपर्यंत ओढत न्यायचे. उचलण्याइतकी ताकद कुठे राहिलीय त्यांच्यात? तू खालून झाडूने ठोकायचीस, मग आम्ही थांबायचो. जरा वेळाने पुन्हा."

त्या रागावून बोलत नव्हत्या, हेच बेबीला सोसवेना. तिला वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत उठल्या, काकूंच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आता ऐकणं पुरे झालं, बाई. आता बोला."

सभागृहात होते तोवर काकूंना मोरीत न्यायचं काम बेबी आणि तिच्या नवऱ्याने उचललं. दोघी म्हाताऱ्या अखंड बोलत. मग लेकीचा कुणी नातेवाईक आला आणि काका-काकूंना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेला. इमारत पाडली. बेबीला नवी जागा मिळाली ती शहराच्या पार कडेला, तिथून दवाखाना दोन बस बदलून.

सामान लावून झालं तशी ती वर गेली आणि तिने वरच्या घराचं दार वाजवलं. साखळीएवढं दार उघडलं. फटीतून एका बाईचा अर्धा चेहरा दिसला.

"काय हवंय?"

"काही नाही. आम्ही खाली राहायला आलोय. म्हटलं, वर कोण असतं ते..."

"आमचा आवाज येतो का?"

"नाही, नाही. आला तरी चालेल."

बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बेबी खाली आली.

"कोण आहे गं वर?" सासूबाईंनी विचारलं.

"एक बाई आहे. आणखी कोण आहे ते कळलं नाही. उद्या परत जाईन."