दसऱ्याच्या अटीची रायफल

बळीराम फौजेतून सुटून आला त्याला दीड वर्ष झालं होतं. एवढ्या दिवसांनी बँकेत पहारेकऱ्याची नोकरी चालून आली, तर तिच्यातही मेख! बंदूक स्वतःची पाहिजे, अन् शनिवारच्या आत पाहिजे. लायसन होतं, पण बंदुकीचे भाव ऐकूनच गड्याला घाम फुटे. कोराडीहून बसनं शहरात येऊन त्यानं दोन दुकानं पालथी घातली होती. आज शुक्रवार.

तिसरं दुकान मधुकररावांचं. तिथंही भाव तेच. परत निघताना कोपऱ्यातल्या कपाटात त्याला एक जुनी विलायती रायफल दिसली. त्यानं ती काढायला लावून हाती घेतली, बोल्ट ओढून नळीत पाहिलं. आहाहा! पन्नास वर्षांची म्हातारी, पण आतून अशी लख्ख की डोळे निवावे.

"केवढ्याले जी?"

"दोनशे."

"काहून एवढी सस्ती? मस्करी तं नाही करून राहिले?"

"मस्करी कायची! हिचे मालक वारले, त्यांच्या बाईंनी विकायले ठेवली. पैशाचं त्यांना काही नाही, पण अट आहे. घेणाऱ्यानं दर दसऱ्याले हिची पूजा करायची. बाई स्वतः येऊन विचारतात. तीन गिऱ्हाइकं हाकलली."

बळीरामनं रायफल परत ठेवली. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यानं आईबापासोबत दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात पूजाअर्चा बंद. त्यानं तसं सांगितलं, तर मधुकररावांनी कपाळावर हात मारला.

"अरे भाऊ, हो म्हणून टाक ना! पाहायले कोण येते तुझ्या घरी?"

मग मधुकररावांनीच धरमपेठेत बाईंना निरोप धाडला अन् तासाभरात अरुंधतीबाई रिक्षातून उतरल्या. पांढरं पातळ, करारी नजर. त्यांनी सरळच विचारलं, "दसऱ्याला पूजा कराल ना?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं. एका शब्दाचं तर काम! पण त्या माउलीच्या तोंडावर खोटं बोलायला जीभच वळेना.

"नाही होणार, बाई. आम्ही बौद्ध आहो. साफसफाई, तेलपाणी फौजेसारखं करीन, पूजा नाही." नोकरी गेलीच असं समजून तो पुढं बोलून गेला, "पण दसऱ्याले मी दीक्षाभूमीवर येतोच. तिथून रायफल तुमच्या घरी घेऊन येईन. पूजा तुम्ही करा, मी बाहेर थांबतो."

मधुकररावांनी डोळे मिटून घेतले.

बाई म्हणाल्या, "आधीचे तिघेही पटकन हो म्हणाले होते. मला एकाचंही खरं वाटलं नाही. मधुकरराव, कागद करा यांच्या नावानं."

बळीरामनं हात जोडले, अन् शनिवारी सकाळी बँकेच्या दारात तो रायफल घेऊन उभा होता.

दसऱ्याला बोलल्याप्रमाणे तो बायकोला, कांताबाईला, घेऊन धरमपेठेत गेला. बाईंनी रायफलीला हळदकुंकू वाहिलं, तोवर दोघं ओसरीवर थांबली. उपकार मानायला त्यानं तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "उपकार राहू द्या. आधी आत या, पानं वाढलीत."

बळीरामच्या बापानं याच वस्तीत जन्मभर लाकडं फोडली होती. पाणी मिळे ते मागच्या आंगणात, वरून ओंजळीत ओतलेलं. आत तीन पाट मांडले होते, एकाच ओळीत. मधल्या पाटावर बाई स्वतः बसल्या, अन् बळीरामच्या पानात त्यांनी आपल्या हातानं पुरणपोळी वाढली.