चांदणी की सिंह

श्वास जरा लांबून सोडा, पावणं. माझा एक कोपरा सुटलेला आहे. मी पंधरा नये पैशांचं हिरवं टपाल तिकीट, भारताचा नकाशा अंगावर घेऊन शाहूपुरीतल्या या प्रदर्शनात बसलंय. येणारा प्रत्येक जण वाकून एकच विचारतो, "चांदणी की सिंह?" तेच सांगायचंय, पण आधी भिंग मागं घ्या.

आमची जातच फसवी. नाशिकच्या छापखान्यातून आम्ही लाखांनी निघालो. नकाशा तोच, रंग तोच, कडेची भोकंही तेवढीच. फरक कागदाच्या पोटात. आधीच्या कागदात चांदण्यांचं पुसट जलचिन्ह होतं, नंतरच्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह आले. ते बघायचं तर तिकीट पालथं करावं लागतं. मी साठ-पासष्ट वर्षं पाकिटाला चिकटलेलं, त्यामुळं माझ्या पाठीवर काय आहे ते मलाही ठाऊक नाही. तरी लोक नुसतं तोंड बघून पैजेवर सांगतात. असा राग येतो म्हणता!

मला जिनं चिकटवलं ती संकेश्वरला नांदत होती. पेठ वडगावला आपल्या आईला, नीलव्वाला, तिनं पत्र धाडलं. पत्ता पेन्सिलीनं लिहिलेला, अक्षर शाळकरी. पुढं ती बाळंतपणात गेली. मागं तान्ही मुलगी राहिली, ती अक्काताई. नीलव्वानं नातीला वाढवलं आणि जाताना हे रिकामं पाकीट तिच्या हातात दिलं. आतलं पत्र कधीच हरवलं होतं. आईचा फोटो नाही, चेहरा आठवणीत नाही. आईच्या हातचं म्हणून अक्काताईंकडं जगात एवढंच आहे, माझ्या खालचा तीन ओळींचा पत्ता.

अक्काताईंचे यजमान शिवमूर्ती अण्णा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न केले. सूतभर फरक बोटानं सांगणारा माणूस. रिटायर झाले आणि तिकिटांच्या नादाला लागले. शेकडो तिकिटं पाण्यात सोडवली, पालथी घातली, जुळ्यांना वेगळं केलं. मला मात्र पाकिटासकट वहीच्या पानावर बसवलं आणि खाली लिहिलं, 'चांदण्यांचा कागद'. निव्वळ अंदाजपंचे!

संग्राहकांच्या मंडळात राजशेखरनं ते वाचलं. अण्णांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही.

"अण्णा, सालावरनं कागद कळला असता, पर शिक्क्यातलं सालच पुसलंय. पाठ बघितलीसा काय?"

"न बघता कळतंय मला."

"मग प्रदर्शनात लोकास्नी बी तसंच सांगणार व्हय?"

सगळे हसले. अण्णा उठून घरी आले, जेवले नाहीत.

शुक्रवारी दुपारी अक्काताई बाजारात गेल्या आणि अण्णांनी पसरट ताटलीत पाणी घेतलं. पाकिटात टॉर्च घालून आधी बघितलं होतं, काही दिसलं नव्हतं. स्वतःशीच पुटपुटत होते, "शाई असती तर हात लावला नसता. ही पेन्सिल हाय. पेन्सिल पाण्यात जात न्हाय." पत्त्याचं पहिलं अक्षर जरा जांभळट होतं, पण तो त्यांना डाग वाटायचा. आणि खोटं कशाला बोलू, मीही खूश होतं. एकदाचं आपण कोण ते कळणार होतं.

त्यांनी पाकिटाचा फक्त वरचा कोपरा बुडवला. माझा डिंक मऊ पडला, बाहेरचं टोक सुटलं. चिमटा खाली शिरला. तेवढ्यात पाणी कागदातून चढत पत्त्याच्या पहिल्या ओळीला लागलं आणि करडी अक्षरं जांभळी व्हायला लागली. आधी बारीक रेघ, मग अक्षर फुगलं आणि ओघळ माझ्या खालच्या कडेपर्यंत आला. अण्णांचा हात जागच्या जागी थांबला.

"अवं, काय भिजवलंय?" अक्काताई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

अक्काताईंनी पिशवी टाकली, पाकीट उचललं आणि टिपकागद दाबून धरला. नीलव्वाच्या नावातलं शेवटचं अक्षर गेलं होतं.

"ही साधी पेन्सिल न्हवं. जिभेला लावून लिवायची पेन्सिल हाय ही. आज्जी सांगायची, तुझ्या आईची जीभ कायम जांभळी. मला एकदा इचारायचं तरी हुतं."

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"आता बघा की. एवढं केलंय तर बघून घ्या."

आणखी थोडं उचललं असतं तर पाठ दिसली असती. पण त्यासाठी पुन्हा भिजवावं लागलं असतं, आणि पाणी दुसऱ्या ओळीवर गेलं असतं. अण्णांनी सुटलेल्या टोकावर भिंग धरलं, खालचा कागद न्याहाळला. बराच वेळ बघितलं. मग चिमटा खाली ठेवला आणि भिंग अक्काताईंच्या हातात दिलं.

दोन दिवस मी टिपकागदाखाली वाळत पडलं होतं. आज सकाळी अण्णांनी विचारलं, "नेऊ का न्हाय?"

"न्या. पर खरं लिवा."

म्हणून माझ्याखाली आता हे लिहिलंय: 'जलचिन्ह पाहिलेलं नाही. पत्ता सासूबाईंच्या हातचा. डाग माझ्या हातचा.'

राजशेखर मघाशी येऊन गेला. वाचलं, पण खोड जाईना. "अण्णा, टोक सुटलंय की. एक फुंकर मारली तर दिसंल."

उत्तर अक्काताईंनी दिलं. "दिसलंय आमास्नी. त्या टोकाला पाणी लागलं, पर पत्त्याचा रंग तिथवर गेलाच न्हवता. तरी खाली जांभळं हाय. आईनं पेन्सिल जिभेला लावली, आन् त्याच जिभेनं तिकीट चिकटवलं."

मी आतून कोण आहे ते मला अजूनही हवं आहे, पावणं. चांदणी असेन, सिंह असेन. पण माझ्या पाठीवर एका आईची जीभ टेकलेली आहे, आणि तिची मुलगी इथं खुर्ची टाकून राखणीला बसली आहे. तेव्हा बघा हवं तेवढं, फक्त फुंकर मारू नका.