घोंगडीखालचा सूर्य

मेन स्विचमधला फ्यूजचा कटआउट काढून पंढरीनाथ मोहोळकरांच्या तळहातावर ठेवलेला होता, आणि तरीही मांडवात कूलर घोंघावत होता, रंगीत टीव्ही चालू होता, फ्रिजमधून गुलाबाच्या सरबताचे थंडगार पेले निघत होते. चारपाचशे माणसं हात जोडून हे पाहत होती. त्यांत वकील होते, इंजिनिअर होते, आमच्या बँकेचे दोन मॅनेजर होते. पंढरी तो चिनी मातीचा कटआउट प्रसादासारखा दोन्ही हातांत धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे एकोणीसशे शहाण्णवच्या जूनमधलं. जागा लखनौजवळच्या चिनहटच्या पलीकडची, फैजाबाद रोडलगतची एक आमराई. मधोमध संगमरवरी चौथरा, त्यावर निळसर काचेची एक पाटी उन्हाकडे तोंड करून ठेवलेली. टेबलावरच्या वर्तमानपत्राहून थोडीच मोठी. तिच्या शेजारी मृगाजिनावर किरणदास महाराज. भोंग्यांतून भजन इतकं मोठ्यानं चाललं होतं की शेजारच्याशी बोलायला कानाला तोंड लावावं लागे.

मधूनच भजन हळू होई आणि महाराज बोलत. "सरकार की बिजली में भ्रष्टाचार है, इसलिए वो जाती है. सूर्यनारायण की बिजली में सत्य है, इसलिए वो रहती है. अमरीका के वैज्ञानिक आए थे. पूछने लगे, बाबा, कितने वॉट का है? मैंने कहा, बेटा, माँ की ममता कितने वॉट की होती है?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरांनीही वाजवल्या. मला शिसारी आली ती तेव्हापासून.

पंढरी आणि मी एकाच बँकेत. तो सोलापूरचा, मी साताऱ्याचा. बदलीनं लखनौत आलो आणि इंदिरानगरात एकाच घराच्या वरखाली राहू लागलो. माणूस हिशेबी, सरळ. भाजीवाल्याकडून कढीपत्तासुद्धा फुकट घ्यायचा नाही. पण त्याची बायको चित्रा दम्यानं बेजार होती. धाप लागली की नेब्युलायझर नावाच्या छोट्या यंत्रातून औषधाची वाफ नाकातोंडात घ्यावी लागे, आणि ते यंत्र विजेवर चाले. लखनौच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. वीज गेली की पंढरी खिडकीत उभा राहून रस्त्यावरच्या खांबाकडे बघत बसे. त्या माणसाला कुणी 'कधीच न जाणारी वीज' दाखवली, तर तो दुसरं काय करणार?

माझी बायको मृणाल मुलींच्या इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पंढरीनं त्या संध्याकाळी येऊन सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, सौर पाटी ही खरी गोष्ट आहे. उन्हातून वीज होते. पण एवढ्याशा पाटीवर कूलर चालत नाही, फ्रिज तर नाहीच. ती विकत घ्यायची तर आधी तिचे वॉट विचारा."

"विचारले. गजेंद्रजी म्हणाले, सिद्ध पाटीला वॉट नसतात."

"मग घेऊ नका."

"वहिनी, मी स्वतः कटआउट हातात धरला होता," पंढरी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. आमची.

आठवड्याभरात पाटी आली. बाईक घेता आली असती एवढे पैसे त्यानं मोजले. गजेंद्र हा महाराजांचा पट्टशिष्य, सफारी सूट आणि कपाळभर चंदन. त्यानं गच्चीवर पाटी बसवली, खाली खोलीत एक बॅटरी आणि पत्र्याची एक पेटी ठेवली, आणि विधी सांगितला: रोज सकाळी पाटीला शेंदूर लावायचा, पूर्ण, काच दिसेनाशी होईपर्यंत.

दोन दिवस पंखा चालला. पंढरीनं कॉलनीत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी पंखा मंदावला, चौथ्या दिवशी थांबला.

गजेंद्र पुन्हा आला. त्यानं पाटी पाहिली नाही, बॅटरी पाहिली नाही. घरभर नजर फिरवली आणि पलंगावर बसलेल्या चित्रावहिनींपाशी ती थांबली. "भाईसाहब, घर में कोई अविश्वासी है. और फिर बादल भी हैं. बहनजी से कहिए, सात दिन मशीन छोड़ दें, सूर्य को अर्घ्य दें. श्रद्धा से साँस अपने आप खुलती है."

मी तिथेच होतो. मी त्याला घराबाहेर काढायला हवं होतं. पंढरीचं घर म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

चित्रावहिनींनी अर्घ्य दिलं, नवऱ्याच्या समाधानासाठी. मशीन मात्र त्या गुपचूप वापरत राहिल्या. मग जुलैमधल्या एका दुपारी वीज गेली ती पाच तास आलीच नाही. दमट हवेत त्यांना धाप लागली. पंढरीनं नेब्युलायझर त्या पत्र्याच्या पेटीला जोडला. यंत्र एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं. मृणाल वर धावत आली तेव्हा वहिनींचे ओठ निळे पडले होते आणि पंढरी शेंदरानं माखलेले हात जोडून गच्चीच्या जिन्यात उभा होता.

आम्ही त्यांना विक्रम नावाच्या टेंपोरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी गेला असता तर काही सांगता आलं नसतं. तीन दिवसांनी त्या घरी आल्या. गजेंद्र त्यांना भेटायला आला, तोही हात हलवत नाही. प्रसादाची पुडी घेऊन. "देखा, सूर्यदेव ने बचा लिया," तो म्हणाला. आणि पंढरीनं ती पुडी कपाळाला लावली.

मृणालनं ते दारातून पाहिलं. संध्याकाळी खाली येऊन तिनं चित्रावहिनींकडून घेतलेली सोलापुरी घोंगडी पलंगावर पसरली. काळी, जाड, उजेडाचा कणही न जाऊ देणारी. "रविवारी वस्त्र चढवायचा कार्यक्रम असतो ना तिकडे?" तिनं विचारलं.

"असतो. बायका शेले चढवतात, महाराजांच्या अंगावर."

"मी पाटीवर चढवणार आहे."

रविवारी आम्ही तिघं गेलो. पंढरीला वाटलं, मृणालला उपरती झाली. आकाश स्वच्छ होतं, भजन कान फोडत होतं, कूलर, टीव्ही, फ्रिज, सगळं जागच्या जागी. कटआउट आज कुणा निवृत्त प्राध्यापकाच्या हातात होता. रांग सरकत मृणाल चौथऱ्याशी पोचली, वाकून नमस्कार केला आणि घोंगडी उलगडून पाटीवर टाकली. चारी बाजूंनी खोचली, बाळाला पांघरूण घालावं तशी.

महाराजांचे डोळे उघडले. "ये क्या है, बेटी?"

"सोलापुर से लाई हूँ, महाराज. भगवान को ओढ़ा दी."

मृणाल वळली आणि कूलरकडे बोट दाखवून, वर्गात विचारतात तसं, लोकांना विचारलं, "सूरज को तो मैंने ढक दिया. फिर ये किससे चल रहा है?"

कूलर घोंघावत होता. टीव्हीवर कुणीतरी साबण विकत होतं. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

महाराज हसले. "तेज को कपड़ा नहीं रोकता, बेटी."

"अच्छा? मग मोहोळकरांच्या घरी ढगांनी कसं रोखलं?" ती मराठीत बोलून गेली, मग हिंदीत तेच पुन्हा म्हणाली. "आपके चेले ने कहा था, बादल हैं, इसलिए बंद है. इनकी पत्नी की साँस रुक गई थी उस दिन."

गजेंद्र पुढे आला, तिचा दंड धरायला. मी मध्ये उभा राहिलो. एवढं तरी त्या दिवशी केलं.

"एक विनती और," मृणाल म्हणाली. "दो मिनट भजन बंद कीजिए. बस दो मिनट."

"भजन बंद नहीं होता," गजेंद्र म्हणाला.

तेव्हा तो प्राध्यापक, हातात कटआउट धरलेला, शांतपणे भोंग्याच्या पेटीपाशी गेला आणि त्यानं बटण बंद केलं.

आमराईत शांतता झाली, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. मागच्या भिंतीपलीकडून येणारी धडधड, एका लयीत, न थांबणारी. उत्तर प्रदेशात राहणाऱ्या माणसाला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. जनरेटर.

माणसं भिंतीकडे गेली. पलीकडे बंद पडलेला भांड्यांचा कारखाना होता. त्याच्या शेडमध्ये डिझेलचा जनरेटर काळा धूर ओकत होता आणि तिथून निघालेली जाड केबल भिंतीखालून, झेंडूच्या वाफ्याखालून थेट चौथऱ्यात शिरली होती. कटआउट खरोखरच काढलेला होता. पण त्या मांडवाचा सरकारी विजेशी मुळात संबंधच नव्हता. भजन देवासाठी नव्हतं, जनरेटरसाठी होतं.

गर्दी परतेपर्यंत महाराज मागच्या दारानं गाडीत बसून गेले होते. गजेंद्र सापडला. लोकांनी त्याला मारलं, मग पोलिसांनी नेलं. मला त्या मारण्याचाही वीट आला. मारणाऱ्यांत सगळ्यांत पुढे आमच्या बँकेचा तोच मॅनेजर होता, ज्यानं महिन्याभरापूर्वी महाराजांचे पाय धुतलेलं पाणी प्यायलं होतं. आणि आम्ही निघालो तेव्हा दोन म्हाताऱ्या त्या झाकलेल्या पाटीला अजून नमस्कार करत होत्या.

घरी गेल्यावर पंढरी पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "चित्रा, मला वाटलं होतं, तुझ्यामुळेच ती बंद पडली."

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाल्या. "त्या दुपारी मला श्वास येत नव्हता, त्याहून ते जड गेलं."

त्यांनी त्याला लगेच माफ केलं नाही. बरेच दिवस त्या घरात दोनच माणसं असून फार कमी बोलणं होई.

पुढच्या रविवारी मृणाल मीटर आणि ओलं फडकं घेऊन गच्चीवर चढली. शेंदराचा थर काढला, काच पुसली, तारांना मीटर लावला. पाटी अस्सल निघाली, पस्तीस वॉटची, दिल्या पैशांच्या चौथाईलाही महाग. बॅटरी मात्र भंगारातली होती. विकताना बाहेरून भरून दिलेली, म्हणून दोन दिवस चालली. आणि शेंदरानं झाकलेली पाटी तिला परत भरणार कशी?

पंढरीला समोर बसवून मृणालनं हिशेब मांडला. "छान ऊन असेल त्या दिवशी ही साधारण दीडशे युनिट—" ती थांबली, हसली, "युनिट नव्हे, दीडशे वॉट-तास देईल. तुमचा कूलर तासाभरात ते पिऊन टाकेल. पण नेब्युलायझर दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं; त्याला याच्या निम्मंही लागत नाही. उरलेल्यात एक छोटी ट्यूबलाइट तीन तास जळेल. नवी बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर घ्या. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा वीज येईल त्या वेळात बॅटरी भरून ठेवा."

"म्हणजे पाटी घेणं चूक नव्हतं?" पंढरीनं विचारलं.

"कशासाठी हवी ते न विचारता घेणं चूक होतं. नुसत्या या मशीनसाठी बॅटरी आणि इन्व्हर्टरही पुरला असता, पाटीशिवाय. लाइन नसलेल्या गावात हीच पाटी सोन्यासारखी. इथे ती आता आहेच, तर वापरा."

त्यांनी वापरली. त्यानंतर वीज गेल्यामुळे वहिनींना दवाखाना गाठावा लागला नाही.

लोक मला म्हणतात, अडाणी माणसं फसतात. मी त्या मांडवात होतो. अडाणी तिथे फार थोडे होते. पदव्या सगळ्यांकडे होत्या, फक्त घरी ठेवून आले होते. म्हणून वाचकहो, एवढंच सांगतो. कुणी तुमच्यासमोर नवी वस्तू ठेवली, ती विज्ञानाची म्हणून ठेवली किंवा देवाची म्हणून ठेवली, तर तीन साधे प्रश्न विचारा: ती किती देते, मला किती हवं, आणि तेवढ्याची किंमत काय. खरी वस्तू या प्रश्नांना उत्तर देते. आणि उत्तराऐवजी कुणी तुमच्या घरातल्या आजारी माणसाच्या श्रद्धेकडे बोट दाखवलं, तर त्याला त्याच क्षणी दाराबाहेर काढा. माझ्यासारखं गप्प बसू नका.